चार फुटांत बोरघाट

माझ्या पुतण्याचा मुलगा अमेरिकेत असतो आणि त्याला छोट्या आगगाड्यांचा नाद आहे, हे घरातल्या मंडळींना ठाऊक आहेच. 'खेळण्यातल्या गाड्या' म्हटलेलं त्याला खपत नाही. 'प्रतिकृती' म्हणायचं. गेल्या पावसाळ्यात त्याची ई-मेल आली: "आजोबा, मला आमच्या मंडळासाठी खंडाळ्याचा घाट करायचाय. जागा चार फूट बाय दोन फूट. सुतारकाम माझं, इतिहास तुमचा."

इतिहास शिकवण्यात माझी नोकरी गेली. वर्गात बोरघाट एका वाक्यात संपायचा: 'इंग्रजांनी दळणवळण सुधारण्यासाठी घाटातून लोहमार्ग बांधले.' परीक्षेत त्याला अर्धा गुण. आता त्याच घाटाला आठ चौरस फूट मिळत होते, म्हणजे बढतीच म्हणायची. त्या निमित्ताने पाच-सहा महिने जे वाचलं आणि आम्ही जो पत्रव्यवहार केला, त्यातून हा लेख झाला आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो. पूर्वी ज्याला प्रतिकृती रेल्वे करायची त्याला एक आख्खी खोली लागायची, माळा किंवा तळघर. त्यात तो एकटा वर्षानुवर्षं रूळ आणि डोंगर मांडत बसायचा. फ्रँक एलिसन नावाचा एक अमेरिकन गृहस्थ या छंदातला मोठा माणूस. नाटकाच्या धंद्यातून आलेला. १९४० च्या दशकात त्याने लेखमाला लिहून असं मांडलं की छोटी रेल्वे म्हणजे नाटक आहे: डोंगर-नद्या म्हणजे नेपथ्य, गाड्या म्हणजे नट आणि वेळापत्रक म्हणजे कथानक. तोपर्यंत गाडी गोल गोल फिरली की लोक खूश असत. आता गाडी कुठून कुठे आणि कशासाठी चालली आहे, असा प्रश्न विचारायला सुरुवात झाली.

पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीतल्या आर्नोल्ड कंपनीने अगदी लहान गाड्या बाजारात आणल्या. दोन रुळांत अंतर फक्त ९ मिलिमीटर. नऊ या आकड्यावरूनच या मापाला 'एन' म्हणतात. अमेरिकेत त्याचं प्रमाण १ : १६० धरतात. गाडी तळहातावर मावू लागली तशी खोलीची अट गेली. मग १९७० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या काही मंडळींनी एक युक्ती काढली. प्रत्येकाने आपल्या घरी फक्त एक तुकडा करायचा, चार फूट लांब, दोन फूट रुंद. प्रदर्शनाच्या दिवशी सगळे आपापला तुकडा मोटारीत घालून आणणार आणि एकमेकांना जोडणार. १९७४ साली सॅन डिएगोच्या अधिवेशनात त्यांनी हे जाहीरपणे करून दाखवलं. या पद्धतीला 'एन-ट्रॅक' म्हणतात आणि त्या तुकड्याला मॉड्यूल. जर्मनीत १९८१ साली 'फ्रेमो' नावाची संस्था निघाली. तिच्याही मुळाशी हीच कल्पना आहे.

या पद्धतीतला नियम मला फार आवडला. तुकड्याच्या मध्यभागी तुम्ही काय कराल याला बंधन नाही. डोंगर करा, बाजारपेठ करा, नाहीतर चंद्रावरची वसाहत करा. बंधन आहे ते फक्त दोन्ही टोकांना. तिथे तीन रूळमार्ग ठरल्या ठिकाणीच आले पाहिजेत (त्यांना लाल, पिवळा आणि निळा अशी नावं आहेत, लाल सर्वांत पुढे) आणि रूळ जमिनीपासून ४० इंचांवर असला पाहिजे. दोन तुकड्यांमध्ये सुमारे पाच इंचांचा सांध्याचा रूळ बसतो. एवढं पाळलं की एका गावच्या माणसाची गाडी कधी न पाहिलेल्या माणसाच्या डोंगरातून सुखरूप निघून जाते.

आपल्याकडे दिवाळीतल्या किल्ल्यांना असा नियम असता तर काय बहार आली असती! वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाचा किल्ला वेगळा, पण शेजारच्या किल्ल्यावर जायला एक सामाईक वाट. आमच्या वेळी शेजारच्या किल्ल्यावर फक्त स्वारी होत असे. असो.

तर आता हिशेब. शाळामास्तर हिशेबापासूनच सुरुवात करणार.

१८६३ सालचा मूळ बोरघाट लोहमार्ग १५ मैल ६८ साखळ्या लांबीचा होता. साखळी म्हणजे ६६ फूट. एकूण ८३,६८८ फूट. १ : १६० प्रमाणात चार फुटांचं मॉड्यूल म्हणजे प्रत्यक्षातले ६४० फूट. म्हणजे सबंध घाट करायचा तर १३१ मॉड्यूलं लागतील. चढाव १,८३१ फुटांचा. त्याला १६० ने भागलं तर साडेअकरा फूट होतात. घाटाचा पायथा नियमाप्रमाणे ४० इंचांवर ठेवला तर खंडाळा छप्पर फोडून वर जाईल. घाटातला तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. वाचताना तो भयंकर वाटतो, पण चार फुटांत तो जेमतेम सव्वा इंच भरतो. आणि टोकं तर एकाच उंचीवर हवीत. म्हणजे घाटाचा जो मुख्य गुण, चढ, तोच दाखवता येत नाही.

नातवाने उत्तर दिलं, "आजोबा, सगळा घाट कोणीच करत नाही. निवडायचं असतं."

हे वाक्य मी वर्गात किती वेळा म्हटलं असेन! इतिहास म्हणजे घडलेलं सगळं नव्हे. त्यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे कोणीतरी ठरवलेलं असतं. मॉड्यूल करणाऱ्यालाही तेच ठरवायचं असतं: कोणती जागा, कोणतं साल, कोणता महिना. एकदा साल ठरलं की खांब, इंजिन, छत्र्या, जाहिरातींचे फलक हे सगळं त्यामागून येतं.

पहिली निवड मी सुचवली ती रिव्हर्सिंग स्टेशनची. नव्या पिढीला याची कल्पना नसेल. घाट चढून आलेली गाडी डोंगराच्या एका अरुंद सोंडेवर येऊन थांबे. पुढे वाटच नाही, समोर दरी. गाडी वळवायला जागा नव्हती. मग इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि गाडी उलट दिशेने उरलेला चढ चढू लागायची. इंग्रजी व्ही अक्षराच्या दोन रेघा आणि त्यांच्या टोकाला हे स्टेशन. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याची ही योजना. तो मार्ग पुरा होण्याआधी, १८६२ साली वारला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते उद्घाटन झालं. त्याआधी अलीकडे खोपोलीपर्यंत गाडी होती, पलीकडे खंडाळा ते पुणे १८५८ पासून होती, आणि मधला घाट लोक पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी चढत. म्हणजे मुंबई-पुणे हीसुद्धा पाच वर्षं दोन तुकड्यांची रेल्वेच होती, फक्त सांधा नव्हता.

रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ पर्यंत चाललं. पुण्यापर्यंत विजेची गाडी आली, नवे बोगदे काढून मार्ग सरळ केला आणि इंजिन काढण्या-जोडण्याची गरज संपली. पुढच्याच वर्षी, १ जून १९३० ला, डेक्कन क्वीन सुरू झाली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला तेव्हा त्या भागातल्या जुन्या लोहमार्गाच्या वाटेवरून मोटारी धावू लागल्या. तिथला १८३० सालचा दगडी पूल आपण अमृतांजन पूल म्हणून ओळखायचो. वेदनाशामक मलमाची जाहिरात पुलाला नाव देऊन गेली! तोही एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात सुरुंग लावून पाडला.

पण रिव्हर्सिंग स्टेशन एन-ट्रॅकमध्ये बसेना. तिथे गाडी थांबते आणि उलटी जाते. मॉड्यूलचा नियम असा की गाडी एका टोकाने येऊन दुसऱ्या टोकाने गेलीच पाहिजे. पुढचे तीन मार्ग सोडून मागे ते करावं म्हटलं, तर जागा सव्वा फूटही उरत नाही. शिवाय नातवाने आणखी एक अडचण सांगितली. मॉड्यूलवरून फक्त आपलीच गाडी जात नाही, सगळ्या मंडळाच्या जातात. १८६३ चं साल मन लावून उभं करावं आणि त्यातून शंभर डब्यांची अमेरिकन मालगाडी जावी! म्हणजे देखावा असा हवा की गाडी कोणाचीही आली तरी जागा ओळखू येईल.

इथे एक योगायोग कामाला आला. कर्जत आणि लोणावळ्याच्या मध्ये आज तीन रूळमार्ग आहेत. एन-ट्रॅकलाही तीनच लागतात. तेव्हा काळ आजचा घ्यायचा ठरला आणि महिना जुलै. ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही घाटातली ठिकाणं प्रवाशांना गाडीच्या खिडकीतून दिसतात. त्यांपैकी कुठल्याही एका जागेची हुबेहूब नक्कल न करता, एका बाजूला बोगद्याचं तोंड, मध्ये दगडी कमानींचा छोटा पूल, दुसऱ्या बाजूला कडा आणि मागच्या पडद्यावर ढगांतून डोकावणारी नागफणी, असा आराखडा झाला. पळत्या गाडीला अडवण्यासाठी घाटात चढावर नेऊन सोडलेले आंधळे रूळ असतात. तसा एक फाटा मागच्या बाजूला काढायचा. चढ दाखवायची तेवढी एक जागा आम्हाला मिळाली.

मग रुळांची भानगड. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटी, अमेरिकेतला चार फूट साडेआठ इंची. १ : १६० ने आपल्या रुळांत साडेदहा मिलिमीटर अंतर हवं. नियमाचा रूळ ९ मिलिमीटरचा. मला वाटलं, दीड मिलिमीटरने काय होतं? तर गाडी खाली पडते. एकोणिसाव्या शतकात गेज ठरवताना सरकारदरबारी जे वाद झाले त्यांचं मर्म मला या दीड मिलिमीटरने समजावलं. टोकाला जुळलं नाही तर मधली सगळी हुशारी वाया. आम्ही नियमाचा रूळ ठेवला. जपानी लोकही हेच करतात म्हणे. त्यांच्या साडेतीन फुटी मार्गांच्या गाड्या ते याच ९ मिलिमीटर रुळांवर चालवतात आणि नजर दुसरीकडे वळवतात.

दगडावर मात्र मी तडजोड केली नाही. तिकडे तयार साचे मिळतात. त्यात प्लॅस्टर ओतलं की कडा तयार. पण ते साचे त्यांच्या डोंगरांचे, भेगाळलेले, तिरके. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे. कडा, मग एक उतरती पायरी, पुन्हा कडा. पायऱ्यांवर हिरवळ आणि उभ्या अंगाला काळा दगड. पावसाळ्यात पाणी एका पायरीवरून दुसरीवर पडतं, म्हणून आपले धबधबे तुटक तुटक दिसतात. त्याला मी आपल्याकडच्या घाटांचे फोटो पाठवले. त्याने फोमचे थर एकावर एक चिकटवून सुरीने कडा कापल्या आणि पाऊण इंचाला एक थर धरला. पहिला फोटो आला तेव्हा मी हिला बोलावून दाखवला. ती म्हणाली, "अगं बाई, हा तर आपला घाट!" परीक्षकांचा निकाल लागला.

इथवर काम आनंदाचं होतं. धबधबा, ढग, हिरवळ. मग मी दगडी पुलाकडे पाहत बसलो.

हे दगड कोणी बसवले?

काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झालं. कंत्राटदार फेव्हिएल. पंचवीस बोगदे, तेही हाताने पहारी मारून आणि सुरुंगाची दारू ठासून. कड्यांवरून माणसं दोरांनी खाली सोडत. ती लोंबकळत दगडाला भोकं पाडत. वडार, बेलदार यांसारखे पिढीजात दगड-मातीचं काम करणारे होते, आसपासच्या मुलखातले शेतकरी-मजूर होते, बायका आणि मुलं पाट्या वाहत होती. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकल्यावरून दंगल झाली आणि त्यानंतर फेव्हिएलने काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांतच आजाराने गेला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडलं नाही. व्यवस्थापक नेमून ते तडीस नेलं. त्याच सुमारास पटकीची साथ आली. १८६१ च्या सुमारास घाटात ४२,००० हून अधिक माणसं कामावर होती. इयन केर या इतिहासकाराने रेल्वे बांधणाऱ्या मजुरांवर १९९५ साली आख्खं पुस्तक लिहिलं. तोवर इतिहासाच्या पुस्तकांत अभियंत्यांची नावं असायची आणि मजुरांची फक्त संख्या.

मृतांची तर संख्याही धड नाही. पंचवीस हजार हा आकडा पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. पण तो अंदाज आहे. साहेब मेला तर थडग्यावर नाव-तारीख कोरत. पाटी वाहणाऱ्या बाईचं नाव लिहून ठेवावं असं कोणाला वाटलं नाही. आणि एवढं करून १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा कमानींचा पूल कोसळलाच.

मी पुन्हा हिशेबाला बसलो. ४२,००० माणसं ८३,६८८ फुटांत. आमच्या वाट्याला ६४० फूट. म्हणजे किती?

तीनशे एकवीस.

ही सरासरी आहे हे मला कळतं. बोगद्याच्या तोंडाशी गर्दी जास्त असणार, सपाटीला कमी. तरी आकडा डोक्यातून जाईना. बेचाळीस हजार म्हटलं की मन काही कल्पना करत नाही. तीनशे एकवीस म्हणजे आमच्या शाळेतले सहा वर्ग. तेवढ्यांची हजेरी मी रोज घेऊ शकलो असतो, नावानिशी. आणि पंचवीस हजारांचा अंदाज खरा धरला, तर त्याच हिशेबाने ६४० फुटांच्या वाट्याला १९१ मृत्यू येतात.

साडेपाच फूट उंचीचा माणूस १ : १६० ने साडेदहा मिलिमीटर होतो, ब्रॉडगेजच्या दोन रुळांतल्या अंतराएवढाच. मी नातवाला लिहिलं, "तीनशे एकवीस माणसं बसव."

त्याचा फोनच आला. "आजोबा, काळ आजचा ठरलाय ना? मग १८६१ चे मजूर कुठे ठेवू? आणि लोक गाड्या बघायला येतात."

"अरे, गाडी त्यांच्या खांद्यावरूनच चालली आहे."

"ते ठीक आहे. पण आज घाटात तीनशे माणसं उभी केली तर लोकांना वाटेल अपघात झालाय."

हे बरोबर होतं. इतिहासाचा नियम त्याने पाळला, मी भावनेच्या भरात होतो असं म्हणू या. त्यावर आमचं दोन आठवडे चाललं. मी म्हटलं, मागच्या पडद्यावर रंगव. तो म्हणाला, ढगांत माणसं दिसली तर ती देवादिकांसारखी दिसतील. शेवटी मार्ग निघाला तो असा. मॉड्यूलवर माणसं दोनच. पावसाळ्यात घाटात रात्रंदिवस गस्त घालणारे रेल्वेचे कर्मचारी असतात. दरड सैल झाली का, रुळावर दगड आला का, ते पाहत रुळाकडेने चालतात. गाडी सुरक्षित जाते ती त्यांच्या भरवशावर. त्यांतले दोघे, रेनकोट घातलेले, एकाच्या हातात कंदील. तारेला कागद गुंडाळून आणि वर रंग देऊन त्याने ते केले. टाचणीच्या डोक्याएवढी डोकी.

बाकीच्यांसाठी पुढची पट्टी. मॉड्यूलच्या पुढच्या अंगाला लाकडी पट्टी असते, त्यावर जागेचं नाव लिहितात. तिथे आता मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं आहे: 'बोरघाट. बांधकाम १८५६ ते १८६३. या तुकड्याची लांबी ६४० फूट. एवढ्या लांबीच्या वाट्याला आलेले कामगार, सरासरीने, ३२१.'

मला त्यात १९१ सुद्धा हवे होते. त्याने विचारलं, "तो आकडा पक्का आहे का?" मी म्हटलं, नाही, अंदाज आहे. तो म्हणाला, "मग लाकडावर कोरायचा नाही. कोणी विचारलं तर मी तोंडी सांगीन, अंदाज म्हणूनच." माझे विद्यार्थी हा लेख वाचत असतील तर त्यांच्या लक्षात येईल की अशा उत्तराला मी पैकीच्या पैकी गुण देत असे. मी गप्प बसलो.

ज्यांना असलं काही प्रत्यक्ष पाहायचं असेल त्यांना अमेरिकेला जायची गरज नाही. पुण्यात कोथरुडला भाऊ जोशी यांनी १९९८ साली छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू केलं. सिग्नलसकट आख्खं शहर एका दालनात मांडलं आहे. नातवंडांना जरूर न्या. आणि पुढच्या वेळी पुण्याला जाताना कर्जत सोडलं की मोबाईल खिशात ठेवा. मागून ढकलणाऱ्या इंजिनांचा जोर कळेल. कमानी, बोगद्यांची तोंडं, दगडी भिंती डोळे भरून पाहा. गाडी ६४० फूट किती वेळात ओलांडते ते मी मोजलं आहे. घाटात ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरने ती गेली तर अठरा-वीस सेकंद. तेवढ्या वेळात तीनशे एकवीस मोजून होत नाहीत.

मॉड्यूलचं काम अजून चालू आहे. धबधब्याचं पाणी पिवळं पडतंय, कोणता डिंक वापरावा यावर सध्या पत्रव्यवहार सुरू आहे. वाचकांपैकी कोणाला गणपतीच्या देखाव्यांचा अनुभव असेल तर जरूर कळवा.